बिनउंबऱ्याचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना सरकता दरवाजा आहे. सरकता म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण तुमच्या घरची दारं आत-बाहेर उघडतात आणि त्यांना वाटतं, दार म्हणावं तर आपल्यालाच. मी तसा उघडत नाही. मी भिंतीला अंग लावून बाजूला सरकतो. माझ्या तळाशी दोन चाकं आहेत आणि ती जमिनीत बसवलेल्या लोखंडी खाचेतून पळतात. अंग सागवानी, वरच्या भागात काचा. मला उचलायचं तर चार गडी लागतील, पण चाकं धड असली तर लहान मूलसुद्धा मला एका हातानं ढकलतं. चाकं धड असली तर, एवढीच अट आहे, आणि याच अटीपायी पुढे एका पोरीचा जीव टांगणीला लागला.

माझा जन्म पुण्याच्या एका सुताराच्या हातून झाला. खडकीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात बागेकडच्या बाजूला मला बसवलं होतं. साहेबाचे पाहुणे आले की मला सरकवायचे आणि सगळे चहाचे कप घेऊन हिरवळीवर जायचे. "काय सुरेख दार आहे!" असं ते म्हणत असावेत. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण कौतुक कळायला भाषा कशाला लागते? बंगल्यातले दिवस मी फार सांगत बसत नाही, नाहीतर म्हणाल, म्हातारा जुन्या गोष्टींत रमला.

साहेब मायदेशी गेला. बंगला पाडला. मी एका भंगारवाल्याच्या वखारीत, फुटक्या नांद्या आणि गंजक्या पत्र्यांच्या मध्ये येऊन पडलो. माणसं यायची, माझ्या अंगावर टिचकी मारायची, "सागवान आहे, फळ्या चांगल्या निघतील" म्हणायची आणि निघून जायची. फळ्या! ऐकून माझ्या काचा थरथरायच्या. पावसात भिजलो, उन्हात तापलो, आणि आपलं आयुष्य संपलं असं धरून चाललो.

मग एके दिवशी काळेवाडीचे बबनराव आले. पवनेच्या काठी त्यांचा मळा होता, वांगी नि घेवडा पिकवायचे. हातात एक काठी होती. त्यांनी माझी ना टिचकी मारून परीक्षा केली, ना भाव विचारला. काठी माझ्यावर आडवी धरली आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. ती काठी म्हणजे एका खाटेची रुंदी होती, हे मला नंतर कळलं.

बबनरावांची मुलगी शालन सतरा वर्षांची होती आणि तिला क्षय झाला होता. मोठ्या दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. चिंचवडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "नंबर लागेपर्यंत घरीच सांभाळा. सुई वेळेवर द्या. रोज सकाळी पोरीला उन्हात आणि मोकळ्या हवेत ठेवा, रात्री थंडी लागू देऊ नका. आणि तिला उचलून ने-आण करू नका, छातीवर ताण आला तर रक्त पडेल." बबनरावांनी चाकांची लोखंडी खाट मिळवली. पण खेड्यातल्या घराचं दार केवढंसं असतं! त्यातून खाट जाईना, आणि दाराला गुडघ्याएवढा उंबरा. शेवटी त्यांनी पुढच्या खोलीची भिंत फोडली, जुनं दार उंबऱ्यासकट काढून टाकलं आणि तिथं मला बसवलं. मी सरकलो की शालनची खाट सरळ पडवीत. काम असं छान जमलं की बबनरावांनी मला दहादा उघडलं, दहादा बंद केलं.

त्यांची बायको मंजुळाबाई मात्र माझ्याकडे न बघता खाली जमिनीकडे बघत होती.

"बिनउंबऱ्याचं घर व्हय हे?" ती म्हणाली. "लक्षुमीनं यायचं कुटनं? आन आलीच तर थांबायचं कुटं?"

"पोरीची खाट उंबऱ्यावरनं उडी मारंल का?" बबनराव म्हणाले. "ती लोखंडाची पट्टी हायच की. तिलाच उंबरा समज."

बबनराव सहज बोलून गेले. मंजुळाबाईनं मात्र ते शब्द मनावर घेतले. दुसऱ्या दिवशी उजाडता ती तांब्या आणि ताट घेऊन आली. माझ्या खाचेवर तिनं पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रांगोळीची दुहेरी रेघ काढली. मधे बारीक पावलं काढली. मित्रांनो, साहेबाच्या बंगल्यात माझं कौतुक झालं होतं, पण पूजा कुणी केली नव्हती. मी इतका फुगलो की त्या दिवशी खाचेत मावलो कसा, याचंच नवल वाटतं.

ते दिवस चांगले गेले. सकाळी सूर्य वर आला की मंजुळाबाई मला सरकवायची, बबनराव खाट ढकलायचे आणि शालन पडवीत उन्हाला यायची. रोगाच्या भीतीनं गावातलं कुणी जवळ येत नसे. शेजारची यशोदाबाई, जिच्या कडेवर शालन लहानाची मोठी झाली होती, तीसुद्धा कुंपणापलीकडच्या लिंबाखाली उभी राहून विचारायची, "बरी हाय का गं पोर?" आणि पदर तोंडाला लावून निघून जायची. शालनला ते लागायचं, पण ती दाखवायची नाही. खाटेवरून ती नदी बघायची, बैलगाड्या मोजायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची. दोन घास जास्त जेवायला लागली. गालांवर जरा मांस आलं.

आणि इकडे माझ्या पायाखाली माती नव्हे, दगड साचत होता. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते रोज खाचेत पडायचं. वरून पाणी, हळद, कुंकू, निरांजनातलं सांडलेलं तेल. त्याचा झाला चिखल, आणि चिखलाचा झाला गिलावा. माझी पितळी चाकं त्यात रोज भरडली जात होती. आधी ती एका बाजूनं चपटी झाली. मग त्यांच्या आसाला गंज चढला. मी सरकताना अडखळायला लागलो, कण्हायला लागलो.

मंजुळाबाईला वाटलं, उंबरा कोपला.

"मी म्हनलं न्हवतं?" ती बबनरावांना म्हणाली. "त्याला जिमिनीत गाडलाय आपुन. त्यो राग धरनार न्हाई तर काय?"

आणि तिनं पूजा वाढवली. आता रांगोळी मूठभर पडू लागली. शुक्रवारी दूध-गूळ. मुंग्या आल्या. मी जितका अडलो तितकी ती अधिक वाकली, आणि ती जितकी वाकली तितका मी अधिक अडलो. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, नको गं! तुझ्या या मायेनं माझे पाय मोडताहेत. पण माझ्याजवळ आवाज एकच, लाकडाचा कर्रर्र. तो ऐकला की ती घाबरून आणखी एक चिमूट वाहायची. असा असहाय मी भंगारात पडलो होतो तेव्हाही नव्हतो.

पौषातल्या एका सकाळी मी थांबलो तो थांबलोच. मंजुळाबाईनं ढकललं, बबनरावांनी खांदा लावला, दोघांनी मिळून जोर केला. आतून काहीतरी कडकन मोडलं आणि माझं एक अंग खाचेत बसलं. मी बंद होतो, आणि शालन आत होती.

त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीतलं सगळं तोंड मीच होतो. मागच्या बाजूला सैपाकघर, तिथल्या चुलीचा धूर या खोलीत यायचा आणि बाहेर जायला वाट नसल्यानं आढ्याशी घुटमळत राहायचा. शालन खोकायला लागली. पहिल्या दिवशी बबनरावांनी तिला हातांवर उचलून मागच्या अरुंद दारानं बाहेर नेलं. परत आणून निजवलं तेव्हा तिला उबळ आली आणि उशीवर रक्त पडलं. मंजुळाबाईनं ते पदरानं पुसलं आणि तो पदर मुठीत धरून ती माझ्यासमोर मटकन बसली. त्यानंतर पोरीला उचलायची कुणाची छाती झाली नाही.

बबनरावांनी माझी एक काच फोडली. चार बोटं हवा आत आली, पण तिच्याबरोबर पौषातली थंडीही आली. रात्री तिथं गोणपाट कोंबावं लागलं. बाकीच्या काचा धुरानं काजळल्या होत्या, ऊन तर खाटेपर्यंत पोचतच नव्हतं. मी काय करत होतो? उभा होतो. ऊन माझ्या पाठीवर पडत होतं आणि पोर माझ्या पोटाशी काळोखात धापा टाकत होती. जिच्यासाठी मला भंगारातून उठवून आणलं, तिच्या नाकावर हात दाबून उभा राहिल्यासारखं मला वाटायचं.

बबनराव सुताराकडे धावले. चिंचवडचा दौलतराव सुतार पेटी घेऊन आला, कुंपणापाशी थांबला, आतला खोकला ऐकला आणि म्हणाला, "पोराबाळांचा धनी हाय मी, बबनराव. मला माफी करा." दुसरा घरातूनच नाही म्हणाला. तिसऱ्याच्या तर बबनराव हातापाया पडले, तरी तो आला नाही. शेवटी एका दुपारी ते पहार घेऊन आले आणि म्हणाले, "फोडतो ह्याला. लाकडं करतो."

मी म्हटलं, फोडा. खरंच, मित्रांनो, वखारीत मला फळ्यांची केवढी धास्ती होती. पण त्या दुपारी मला वाटलं, होऊ देत माझ्या फळ्या, पण पोर उन्हात जाऊ दे.

मंजुळाबाई आडवी आली. "फोडाल, आन रातच्याला काय? भिताडाला केवढं भगदाड पडंल! थंडीनं मरंल माझी पोर."

पहार बबनरावांच्या हातातून गळून पडली. ते पडवीत बसून लहान मुलासारखे रडले. मी उघडायलाही हवा होतो आणि बंद व्हायलाही, आणि मला दोन्ही येत नव्हतं.

सयाजी आला तो असाच. पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात तो फिटर होता, साताऱ्याकडचा, काळेवाडीत खोली घेऊन राहायचा. बबनरावांकडे भाजी घ्यायला आला आणि भाजीवाल्याला रडताना बघून दारापाशी आला. आतला खोकला त्यानेही ऐकला. तो दोन पावलं मागे सरला. मला वाटलं, हाही गेला. पण त्यानं डोक्याचा पटका सोडला, नाकातोंडाला गच्च गुंडाळला आणि म्हणाला, "भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू? मी भायरच्या अंगानं काम करतो. आत मातर कुनीतरी दार धरायला पायजे."

त्यानं पालथं पडून माझ्या खालून बोटं फिरवली, मापं घेतली. पुढच्या रविवारी तो लोखंडी चाकांची नवी जोडी घेऊन आला. आतून मला धरायला मंजुळाबाई उभी राहिली. तिच्या पाठीशी हातभर अंतरावर शालनची खाट. खाट हलवायला दुसरी जागा नव्हती. मी आत कलंडलो असतो तर काचांसकट त्या पोरीवरच पडलो असतो.

बबनरावांनी बाहेरून पहार घालून माझं अंग उचललं. सयाजीनं खाली हात घातला. तेवढ्यात पहार घसरली. मी आत झुकलो. मंजुळाबाईनं दोन्ही तळहात माझ्यावर रोवले, डोकंही टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली. तिच्या कपाळाचं कुंकू माझ्या लाकडाला लागलं. "आये, सोड, तुला लागंल," शालन मागून म्हणाली. "गप ऱ्हा," मंजुळाबाई दातओठ खाऊन म्हणाली. पहार पुन्हा बसली. मी सावरलो.

सयाजीनं पहिलं चाक ओढून काढलं. ते चाक राहिलंच नव्हतं. चपट्या पितळेच्या तुकड्याभोवती लाल-पिवळा, दगडासारखा टणक गोळा बसला होता. त्यानं तो फरशीवर आपटला. गोळा फुटला आणि आत रांगोळीचे थर दिसले, पांढऱ्यावर पिवळा, पिवळ्यावर लाल.

"मावशी, ह्यात रांगोळी कुनी ओतली?" सयाजीनं विचारलं. त्याला काय ठाऊक! "ह्या पुडीनंच खाल्लीत की चाकं. समदी खाच लिंपून टाकलीया."

बबनरावांनी मान फिरवली. फुटक्या काचेतून मंजुळाबाईनं तो गोळा बघितला. तिला सगळं कळलं. धूर, उशीवरचं रक्त, काळोख, सगळं कुणाच्या हातून झालं ते. पण दुसरं चाक अजून निघायचं होतं. मला सोडून तिला कपाळ बडवता येत नव्हतं, खाली बसता येत नव्हतं, रडता येत नव्हतं. ती मला तशीच धरून उभी होती.

"माझ्या हातानं केलं गं मी," ती माझ्यावर डोकं टेकवून म्हणाली. "माझ्याच हातानं."

"आये," शालन म्हणाली. बोलताना तिला दम लागत होता. "आता नीट धर. मग रड."

नवी चाकं बसली. सयाजीनं खाच खरवडून खरवडून कोरडी केली आणि म्हणाला, "मावशी, ढकला." मंजुळाबाई हात लावीना. "माझा हात नगं लागाया," ती म्हणाली आणि मागे सरकली. मग शालनच म्हणाली, "तुझ्याबिगर कुनी उघडलं तर मी भायेर जानार न्हाई." मंजुळाबाईनं एक बोट लावलं, भीत भीत. मी सरकलो, आवाज न करता, पार भिंतीच्या टोकापर्यंत. ऊन आत आलं, खाटेवर गेलं, शालनच्या तोंडावर पडलं. तिनं डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. खोकलाही आला, पण हवा घेऊन आला.

जाताना सयाजीनं बजावलं, "हितं पानी न्हाई, पूड न्हाई. रोज कोरड्या फडक्यानं पुसायचं, बास. पडवीतबी रांगोळी नगा घालू, नदीचा वारा समदी ह्यातच आनून टाकतोय."

मंजुळाबाईचा चेहरा उतरला. "दारात रांगोळी न्हाई म्हंजी... सुतक असल्यागत?"

तुम्हाला माहीत आहे ना, मित्रांनो? आपल्याकडे ज्या घरी मरण घडतं त्या घरापुढे तेवढे दिवस रांगोळी पडत नाही. लोक लांबून कोरडं दार बघतात आणि समजायचं ते समजतात. पोर आत जिवाशी झुंजते आहे, आणि आईनंच घराला मरणकळा आणायची? सयाजीनं हत्यारं गोळा केली. तो मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता मंजुळाबाई आली. हातात ताट होतं. हळद, कुंकू, रांगोळीची वाटी. मी बंद होतो, आत शालन झोपली होती. मंजुळाबाई माझ्यासमोर किती वेळ उभी राहिली, मला सांगता येत नाही. चिमूट उचलली, परत वाटीत टाकली. पुन्हा उचलली. मला वाटलं, हिचा धीर सुटणार. मग तिनं ताट मागे चुलीपाशी नेऊन ठेवलं, जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, गुडघ्यांवर बसली आणि माझी खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरडी पुसली. पुसताना तिचे डोळे गळत होते, तर ते पाणीसुद्धा खाचेत पडू नये म्हणून ती मान वळवून दंडाला पुसत होती. तुळशीला पाणी घालून ती आत गेली. घरापुढे रांगोळीचा एक कण नव्हता.

थोड्या वेळानं कुंपणापलीकडे यशोदाबाई दिसली. लिंबाखाली थांबली. रोजच्यासारखं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बंद दार, कोरडी पडवी. तिची घागर हातातून सुटली.

"अगं माझ्या बाई गं!" तिनं हंबरडा फोडला आणि धावत सुटली. इतके महिने जे कुंपण तिनं ओलांडलं नव्हतं ते ओलांडून, अंगण ओलांडून ती थेट पडवीत आली आणि माझ्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. "गेली गं माझी शालू! कडेवर घेतली गं मी! शेवटाला जवळबी आले न्हाई गं, आगलावी मी!"

आतून मंजुळाबाईनं मला सरकवलं. माझ्यावर थापा मारणारे यशोदाबाईचे हात हवेतच राहिले. समोर खाटेवर शालन उशीला टेकून बसली होती, केस विस्कटलेले, डोळे मोठे झालेले.

"यशोदाकाकू, मी अजून न्हाई गेले," ती म्हणाली. "पन एवढी आलीच हायस, तर बस की जरा."

यशोदाबाईनं तोंडाला लावायला पदर उचलला. मग तो तसाच खाली सोडला आणि ती पडवीत बसली.

शालन बरी झाली का, असं तुम्ही विचाराल. खोकला अजून आहे. दवाखान्याचा नंबर अजून लागायचा आहे. मी रोज सकाळी सरकतो आणि रात्री बंद होतो, एवढंच मी सांगू शकतो. मंजुळाबाईला मी दोष देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. फक्त एक ऐका. ज्याच्यावर तुमचा जीव आहे, मग ते दार असो, जनावर असो की माणूस, त्याच्यापुढे हात जोडण्याआधी एकदा वाकून त्याच्या पायाखाली बघा. ते अडलं असेल, आणि त्याला सांगता येत नसेल.